एकाच काठावरच्या तीन खचदऱ्या

मागच्या सत्रात भूगोलाच्या तासाला मला ‘खचदरी’ या विषयावर दहा मिनिटे बोलायचे होते. मी फळ्यावर गुजरातचा नकाशा काढला, त्यावर तीन जाड रेघा मारल्या आणि सांगितले की कच्छ, खंभात आणि नर्मदा या तिन्ही खचदऱ्या भारताचा पश्चिम काठ फाटताना तयार झाल्या, म्हणजे तिघी एकाच आईच्या लेकी. वर्गाने टाळ्या वाजवल्या. आमचे ड्रिलचे उस्ताद कुणाला तरी बोलवायला आले होते, ते दारातच थांबून ऐकत होते. तास संपल्यावर त्यांनी मला व्हरांड्यात गाठले. २००१ साली ते नव्यानेच पलटणीत आलेले जवान होते आणि भूकंपानंतर त्यांची तुकडी भचाऊला मदतीला गेली होती, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

“तिघी एकाच आईच्या म्हणालास ना?” ते म्हणाले. “मग एकीनं तेल दिलं आणि एकीनं माणसं गिळली, हे कसं?”

मी गप्प. “शोध आणि सांग. घाई नाही,” म्हणाले आणि निघून गेले. घाई नाही असे उस्ताद म्हणतात तेव्हा घाई असते, हे आमच्या हाऊसमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. हा लेख म्हणजे त्यांच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी जे वाचले आणि करून पाहिले ते.

आधी प्रश्न किती मोठा आहे ते पाहू. २६ जानेवारी २००१, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटे. देशभर ध्वजवंदन चालू होते. कच्छमध्ये भचाऊजवळ ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. तेरा हजारांहून अधिक माणसे गेली. अंजार गावात प्रजासत्ताक दिनाची प्रभातफेरी जुन्या गावातल्या अरुंद गल्लीतून जात होती. दोन्ही बाजूंची घरे कोसळली आणि १८५ मुले व २० शिक्षक त्याखाली गेले. त्यांचे स्मारक २०२२ साली अंजारला उभे राहिले. आपण दर वर्षी त्याच दिवशी, साधारण त्याच वेळी मैदानात उभे असतो.

आता दुसरी बाजू. कच्छच्या आग्नेयेला खंभातचे आखात. तिथे लुणेज गावाजवळ १९५८ साली तेल लागले आणि १९६० साली अंकलेश्वरला त्याहून मोठा साठा मिळाला. स्वतंत्र भारताचे हे मोठे यश. अंकलेश्वरच्या पहिल्या विहिरीला पंडित नेहरूंनी ‘वसुधारा’ असे नाव दिले. ओएनजीसी तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती, १९५६ मध्ये स्थापन झालेली.

दोन्ही ठिकाणी मुळात एकच गोष्ट घडली होती. जमीन ताणली गेली, तिला समांतर भेगा पडल्या आणि मधला पट्टा खाली गेला. पाठ्यपुस्तकात खचदरीची आकृती इथेच संपते. दोन बाजूंना दोन गटपर्वत, मध्ये दरी, बाजूला बाण. आकृती चुकीची नाही, पण ती खचदरीचा फक्त जन्म दाखवते. पुढचे वीस कोटी वर्षांचे आयुष्य तिच्यात नाही, आणि उस्तादांचा प्रश्न त्या आयुष्याचा होता.

सुरुवात फाटण्यापासून करतो. दिल्लीत आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. तिथला बाजार सगळ्या दिल्लीला माहीत आहे. परदेशी पाठवायचे पण काही खोट निघाल्यामुळे मागे राहिलेले कपडे तिथे ढिगाने विकायला असतात. दिवाळीच्या सुट्टीत मी तिथून एक जॅकेट घेतले. घरी येऊन घालायला गेलो तर खांद्यापासून बगलेपर्यंत उसवले. आई म्हणाली, “कापड चांगलं आहे रे, शिवण कच्ची आहे.” मला एकदम फळ्यावरच्या तीन रेघा आठवल्या. ताण सगळ्या कापडावर पडतो, पण कापड जाते ते शिवणीवर.

भारताच्या भूखंडालाही अशा शिवणी आहेत. आपला देश एका तुकड्याचा बनलेला नाही. फार जुन्या काळी, शंभर कोटी वर्षांहूनही आधी, वेगवेगळे तुकडे एकमेकांवर दाबले जाऊन जोडले गेले आणि जोडाच्या जागी डोंगरांच्या रांगा उठल्या. त्यातली एक रांग अरवली. ती गुजरातच्या सीमेपासून राजस्थानातून निघते आणि दिल्लीत येऊन संपते. दिल्लीचे रिज म्हणजे तिचेच उत्तरेकडचे टोक. आमच्या घरापासून संजय वन फार दूर नाही, तिथे किकराच्या झाडांमध्ये या रांगेचा क्वार्टझाइट खडक उघडा दिसतो. तो इतका कठीण आहे की त्यावर कंपासचे टोक ओढले तर टोक झिजते, खडकावर ओरखडा उठत नाही. (कंपास माझा नव्हता, धाकट्या बहिणीचा होता.) दुसरी शिवण सातपुड्याची, साधारण पूर्व-पश्चिम. तिसरी धारवाडची, कर्नाटकातून उत्तर-वायव्येकडे जाणारी, आपल्या पश्चिम किनाऱ्याला जवळजवळ समांतर.

ओएनजीसीचे भूशास्त्रज्ञ एस. के. बिस्वास यांनी १९८२ आणि १९८७ साली लिहिलेल्या शोधनिबंधांत ही गोष्ट मांडली. पश्चिम काठावरच्या तीन खचदऱ्या तीन वेगवेगळ्या जुन्या शिवणींवर उसवल्या. अरवली-दिल्लीची रांग नैर्ऋत्येला जाऊन कच्छजवळ पश्चिमेकडे वळते, त्या वळणावर कच्छची खचदरी. धारवाडच्या दिशेने खंभातची. सातपुड्याच्या दिशेने नर्मदेची. म्हणजे संजय वनात मी ज्या खडकावर बसलो होतो, त्याच रांगेची दुसरी बाजू कच्छच्या रणाखाली गेली आहे. दिल्लीतल्या माणसाला कच्छ परका वाटण्याचे तसे कारण नाही.

या तिघी एकाच वेळी उघडल्या नाहीत. माझ्या भाषणातली ही पहिली चूक. सर्वांत आधी कच्छ, सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिक काळ संपून जुरासिक सुरू होत असताना. आफ्रिका आणि भारत तेव्हा एकमेकांपासून सुटू लागले होते. त्यानंतर क्रिटेशस काळाच्या पूर्वार्धात खंभात, आणि उत्तरार्धात नर्मदा. भारत उत्तरेकडे सरकत होता आणि सरकताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वळतही होता, त्यामुळे ताण एका शिवणीवरून दुसरीवर गेला. उत्तरेकडून दक्षिणेकडे एकेक टाका तुटत यावा तसे.

खरा काठ तर त्याहूनही निराळ्या क्रमाने मोकळा झाला. दक्षिणेकडे मादागास्कर सुमारे पावणेनऊ कोटी वर्षांपूर्वी भारतापासून सुटले. कर्नाटकात मालपेजवळ सेंट मेरी बेटांवर जे उभे षटकोनी खडकाचे खांब आहेत, ते त्या फाटण्याच्या वेळच्या लाव्हाचे आहेत. उत्तरेकडे सेशेल्स बेटांचा भूभाग मात्र त्यानंतर दोन कोटींहून अधिक वर्षे भारताला चिकटून होता. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ओतला गेला, आणि त्यानंतर थोड्याच काळात, म्हणजे भूशास्त्राच्या हिशोबाने थोड्याच काळात, सेशेल्स सुटले. मुंबईच्या आणि केरळच्या समोरचा समुद्र एकाच नावाचा असला तरी तो एकाच वयाचा नाही.

आता एकेकीचे आयुष्य.

कच्छची दरी उघडली आणि तिच्यात समुद्र शिरला. जुरासिक काळात तिथे उथळ समुद्र होता. त्यात अमोनाइट नावाचे, मेंढ्याच्या शिंगासारखे वळलेले शंखधारी प्राणी राहत. कच्छच्या अमोनाइटांचा अभ्यास १८७० च्या दशकातच सुरू झाला आणि त्यांच्यावरचे ग्रंथ आजही जगभर वापरले जातात. पुढे नद्यांची वाळू येऊन समुद्र मागे हटला. गाळाचे थर दोन-तीन किलोमीटर जाडीचे झाले. आणि मग क्रिटेशस काळाच्या अखेरीस दरीचे उघडणे थांबले. भूखंड त्या शिवणीवर पूर्ण तुटला नाही. अशा दरीला भूशास्त्रात फसलेली खचदरी म्हणतात. हा शब्द मला आवडत नाही, कारण पुढे जे घडले त्यात ती सगळ्यांत जागी राहिली.

सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला धडकला. हिमालय उठू लागला. भारताला मागून अजूनही ढकलले जात आहे, समोर आशिया उभी आहे, त्यामुळे सबंध देश उत्तर-दक्षिण दिशेने आवळला जात आहे. कच्छच्या भेगा पूर्व-पश्चिम आहेत, म्हणजे या आवळण्याला बरोबर आडव्या. ज्या भेगांवरून एके काळी जमीन खाली घसरली होती, त्याच भेगांवरून ती आता वर ढकलली जाऊ लागली. दरीचा तळ डोंगर होऊ लागला.

रणाच्या नकाशात पच्छम, खडीर, बेला आणि चोराड अशी चार उंचवट्यांची ‘बेटे’ ओळीने दिसतात. ती म्हणजे जुन्या समुद्राचा वर आलेला तळ. धोलावीरा हे हडप्पाकालीन शहर खडीरवर आहे. पच्छमवरचा काळो डुंगर ४६२ मीटर उंच आहे आणि तोच कच्छमधला सर्वांत उंच माथा. समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ आज जिल्ह्यातले सर्वांत उंच ठिकाण आहे, यावर माझा पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता.

हे वर येणे सावकाश होत नाही, झटक्यांनी होते. १६ जून १८१९ ला कच्छच्या रणात मोठा भूकंप झाला. सिंद्रीचा किल्ला आणि त्याभोवतालचा प्रदेश खचून पाण्याखाली गेला आणि त्याच्या उत्तरेला ऐंशी किलोमीटरच्या आसपास लांबीचा मातीचा बांध एका दिवसात उठला, काही ठिकाणी सहा मीटर उंच. माणसांनी बांधलेल्या बंधाऱ्यांपासून वेगळा म्हणून लोकांनी त्याला ‘अल्लाह बंद’ म्हटले. १९५६ साली अंजारला भूकंप झाला. आणि मग २००१. त्या वेळी सरकलेली भेग जमिनीच्या वर आलीच नाही. ती खोलवर सरकली आणि वरच्या गाळाने हादरा झेलला. म्हणून नुसते फिरून, डोळ्यांनी पाहून ती कुणाला आधी सापडली नसती.

मी हे करून पाहिले. मिठाईचा मोठा पारदर्शक डबा घेतला. तळाशी जाड कागदाचे दोन तुकडे एकमेकांवर थोडे चढवून ठेवले आणि एकाचे टोक डब्याच्या बाजूला कापलेल्या फटीतून बाहेर काढले. त्यावर बांधकामाची बारीक वाळू आणि गव्हाचे पीठ असे आलटून पालटून थर दिले. टोक हळूहळू बाहेर ओढले की मधला भाग खचतो आणि पिठाच्या पांढऱ्या रेघा तुटून खाली गेलेल्या बाजूने स्पष्ट दिसतात. खचलेल्या जागेत आणखी वाळू भरून सपाट करायची, तो झाला गाळ. मग आतून एक जाड पुठ्ठा लावून बाजू आत ढकलायची. मधला भाग फुगून वर येतो, आणि नवी भरलेली वाळू टेकडी होऊन बसते. पहिल्या दोन वेळा माझे पीठ दमट होते आणि ढेकळे झाली. तिसऱ्या वेळी जमले. सगळ्या भेगा जुन्याच जागी वापरल्या गेल्या असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, काही नव्याही पडल्या. पण टेकडी आली ती खचलेल्या पट्ट्यावरच. एक वाटी पीठ वाया गेल्याबद्दल मला त्या दिवशी पोळ्या लाटाव्या लागल्या.

खंभातची गोष्ट या डब्यात दुसरा टप्पाच न करता थांबल्यासारखी आहे. तिच्या भेगा उत्तर-वायव्य ते दक्षिण-आग्नेय, म्हणजे जवळजवळ उत्तर-दक्षिण आहेत. आवळण्याची दिशाही उत्तर-दक्षिण. लाकडाची उभी फळी दोन्ही टोकांकडून दाबली तर तिच्या लांबीने गेलेली चीर मिटत नाही. तसेच इथे झाले. कच्छला आडवा बसलेला दाब खंभातला लांबीने बसला, आणि दरी उलटली नाही. ती खचतच राहिली.

तिचा तळ दख्खनच्या लाव्हाचा आहे. तेल शोधणारे लोक तिथे बेसाल्ट लागला की खाली मुख्य तळ आला असे समजतात. त्यावर इओसीन काळात काळसर चिखलाचा जाड थर बसला. त्याला खंभात शेल म्हणतात. त्यात समुद्रातल्या आणि काठावरच्या सूक्ष्म जीवांचे व वनस्पतींचे अवशेष गाडले गेले. नंतर नद्यांनी त्यावर वाळू आणून टाकली. भरुचच्या परिसरात हा सगळा गाळ अनेक किलोमीटर जाड आहे. खाली भूकवच ताणून पातळ झालेले, त्यामुळे आतली उष्णता वर लवकर पोहोचते. चिखल झाकला गेला, हळूहळू शिजला, त्यातून तेल निघून वरच्या वाळूच्या थरांत चढले आणि तिथे अडकून राहिले. झाकण टिकले, कारण दरी उलटली नाही. कच्छमध्ये थर वर उचलले गेले, तुटले आणि उघडे पडून झिजले. जमिनीवरच्या कच्छात अंकलेश्वरसारखे तेलक्षेत्र मिळाले नाही, त्याचे हे एक मोठे कारण असावे असे मला वाटते.

एकाच खंभात खचदरीतही सगळे तेल एकसारखे नाही. उत्तरेला मेहसाण्याकडे बलोल आणि सांथल इथले तेल इतके दाट आहे की ते आपण होऊन विहिरीकडे वाहत नाही. तिथे जमिनीखाली हवा सोडून थोडे तेल खालीच जाळतात, त्या उष्णतेने बाकीचे पातळ होते. याच फाटीचा आणखी उत्तरेकडचा भाग राजस्थानात बाडमेरपर्यंत जातो, आणि तिथे २००४ साली मंगला हे मोठे तेलक्षेत्र सापडले. रेघ माझ्या फळ्यावर भरुचजवळ सुरू होऊन अहमदाबादला संपली होती. ती थारच्या वाळवंटापर्यंत न्यायला हवी होती.

नर्मदेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिसरी बहीण या दोघींच्या मधली आहे. क्रिटेशस काळात समुद्र तिच्यातून इतका आत घुसला होता की मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या बाघ परिसरात, आजच्या किनाऱ्यापासून दोनशे किलोमीटरहून आत, शार्कचे दात आणि सागरी प्राण्यांचे जीवाश्म मिळतात. नंतर लाव्हाने सगळे झाकले. तिच्या भेगा पूर्व-पश्चिमेच्या जवळच्या, म्हणून त्यांवरही दाब आडवा बसतो. २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप याच पट्ट्यातला. १९७० साली भरुचला भूकंप झाला होता, तिथे नर्मदेचा पट्टा खंभातच्या दरीला छेदतो. म्हणजे ‘खंभात शांत आणि कच्छ रागीट’ असे सरळ वाक्य लिहिले तर तेही अर्धवटच ठरेल.

दिल्लीहून शाळेला येताना आमची गाडी हे सगळे ओलांडते. सवाई माधोपूरजवळ अरवलीच्या कडेचे डोंगर दिसतात, रतलामच्या आसपास माळव्याची काळी माती, म्हणजे दख्खनचा लाव्हा. वडोदऱ्यापासून जमीन टेबलासारखी सपाट होते. भरुचला नर्मदेच्या पुलावरून गाडी जाते, शेजारी १८८१ सालचा जुना लोखंडी ‘गोल्डन ब्रिज’ दिसतो. पूर्वी मी तिथे झोपलेला असायचो. या वेळी जागा राहिलो. बाहेर पाहण्यासारखे काही नसते, शेते आणि दिवे. पण ज्या पातळीवर रतलामला मी लाव्हावर बसलो होतो, तोच लाव्हा इथे माझ्या खाली कित्येक किलोमीटर खोल गेला आहे, हे डोक्यात असले की सपाट जमीनही बघावीशी वाटते.

समुद्रातही या शिवणी चालूच राहतात. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय आहे. तिथे फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजाने तेल शोधले आणि २१ मे १९७६ ला उत्पादन सुरू झाले. नाव ‘हाय’ आहे याचे कारण तो खचलेला पट्टा नाही, खचलेल्या पट्ट्यांच्या मधला उंच राहिलेला ठोकळा आहे. नर्मदा आणि तापीचा चिखल शेजारच्या सुरत खोलगट भागात पडत राहिला. उंच ठोकळ्यावर तो कमी पोहोचला, तिथले पाणी नितळ आणि उथळ राहिले आणि त्यात चुनखडक तयार झाला. खोलगट भागातल्या चिखलात तेल शिजले आणि वर चढून या सच्छिद्र चुनखडकात शिरले. खंभातला दरीतच तेल मिळाले, इथे दरीच्या शेजारच्या उंचवट्यावर. पुन्हा तीच आई आणि वेगळी लेक.

बॉम्बे हायच्या पूर्वेला वसई क्षेत्र आहे, तिथला गॅस हजिऱ्याला किनाऱ्यावर येतो. हजिरा ते विजयपूर ते जगदीशपूर अशी गॅसवाहिनी गेल या कंपनीने टाकली, तिच्याच जाळ्यातून दिल्लीला गॅस येतो. दिल्लीच्या बस सीएनजीवर आल्या आणि घराघरांत नळीचा गॅस आला तो यामुळे. आता त्या नळीत दहेजला जहाजाने येणारा आयात गॅसही मिसळलेला असतो, त्यामुळे आमच्या सरोजिनी नगरच्या शेगडीत किती वसई आणि किती परदेश, हे वेगळे करता येणार नाही. पण ज्या दिवशी मला शिक्षा म्हणून पोळ्या कराव्या लागल्या, त्या दिवशी तव्याखाली थोडी तरी पश्चिम किनाऱ्याची फाट जळत होती असे मी धरून चालतो.

मुंबईच्या दक्षिणेला गोष्ट पुन्हा बदलते. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे, कोचीसमोर ती शंभराच्याही आत येते. कोकण-केरळच्या समुद्रात आजवर व्यापारी तेलक्षेत्र मिळालेले नाही. फाट तर तीच, काठ तोच. मग फरक कशाचा? मला पटलेले उत्तर आपल्या डोळ्यांसमोरच आहे. भूखंड फाटतो तेव्हा फाटीच्या कडा वर उचलल्या जातात. ती उचललेली कड झिजत आणि मागे सरत आज सह्याद्री म्हणून उभी आहे. कड उंच, म्हणून उतार उलट्या बाजूला. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, अरबी समुद्र तिथून शंभर किलोमीटरही नाही, पण ती पाठ फिरवून सबंध दख्खन ओलांडत बंगालच्या उपसागराला जाते. गोदावरीही तशीच. पश्चिमेला उरल्या त्या सावित्री, वाशिष्ठीसारख्या आखूड नद्या. सह्याद्रीचा बहुतेक गाळ आंध्रच्या किनाऱ्यावर जाऊन पडला. तिथे कृष्णा-गोदावरी खोऱ्यात २००२ साली मोठा गॅससाठा मिळाला, तो काठ अंटार्क्टिकापासून फार आधी सुटलेला. खंभातला नर्मदा, तापी, मही, साबरमती मिळाल्या, कोकणच्या समुद्राला तशी एकही मोठी नदी मिळाली नाही. झाकायला पुरेसा गाळच नसेल तर चिखल शिजणार कसा?

गाडीतून पनवेल आणि कर्जतच्या दरम्यान डोंगरांकडे नीट पाहा. घाटावर लाव्हाचे थर पायऱ्यांसारखे आडवे असतात. पनवेलच्या पट्ट्यात ते समुद्राकडे कललेले आहेत. काठ खचताना जमीन जिथे वाकली ती ही जागा, भूशास्त्रज्ञ तिला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. अधिक तरुण फाट पाहायची असेल तर पूर्व आफ्रिका आणि तांबडा समुद्र पाहावा. तांबडा समुद्र उघडतो आहे, त्याच्या टोकाची सुएझची फाट मागे पडली आहे आणि तिच्यात इजिप्तला तेल मिळाले आहे. तिथेही बहिणी एकसारख्या नाहीत.

सुट्टीनंतर परत आल्यावर मी उस्तादांना वहीत तीन रेघा काढून दाखवल्या. प्रत्येक रेघेशेजारी तिचे वय, तिच्यात आलेला गाळ आणि आज ती उघडते आहे की आवळली जाते आहे ते लिहिले होते. त्यांनी शांतपणे वाचले. भचाऊला त्यांनी पाहिलेल्या घरांबद्दल थोडे सांगितले, ते मी इथे लिहीत नाही. मग त्यांनी विचारले, “पुढचा कधी?” मी म्हणालो, तारीख कुणालाच सांगता येत नाही. कच्छ देशातल्या सर्वाधिक धोक्याच्या भूकंपक्षेत्रांत मोडतो, आणि गांधीनगरला आता भूकंपाचा अभ्यास करणारी स्वतंत्र संस्था आहे, ती तिथल्या लहान धक्क्यांचीही नोंद ठेवते. पण भेग कुठे आहे आणि दाब कुठून येतो हे कळले तर घर कुठे आणि कसे बांधायचे एवढे ठरवता येते.

उस्तादांनी वही परत दिली. मग पुन्हा मागून घेतली, नकाशावर बोट ठेवले आणि नकाशावाचनाच्या तासाच्या आवाजात म्हणाले, “दाब उत्तर-दक्षिण आहे म्हणतोस. उत्तर दिशेचा बाण कुठाय यात?”

बाण मी काढलाच नव्हता.